आवाज बंद, तास चालू

२५ नोव्हेंबर

बीडला जाऊन आले. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून आतलं सगळं टीव्हीवर दाखवलं. स्वरयंत्राच्या पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आहे. "तुम्ही शिक्षिका का?" म्हणाले. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाले, "शिक्षक, भाजीवाले आणि पुढारी. माझ्याकडं हेच येतात."

गाठ साधी आहे. पण काढायला हवी. काढल्यावर महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे पट्टीला जास्त ताण पडतो. आणि पुढं दोन-अडीच महिने वर्गात उभं राहून शिकवायचं नाही.

म्हणजे थेट बोर्डाची परीक्षा. दहावीची भूमिती निम्मी व्हायची आहे. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर करू. डॉक्टर म्हणाले, "तोवर आवाज राहिला तर करू."

येताना बसमध्ये आमचे हे, सोमनाथ, नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत बसले होते. लग्नाला अठरा वर्षं झाली पण हा माणूस बोलायला महाग. चौसाळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "करून टाक."

२७ नोव्हेंबर

घसा दुखत असूनही आज दोन्ही तास घेतले. माझ्या वर्गात कधी गडबड नसते. माझा आवाज हायवेवरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जातो असं हेडमास्तर अर्जुनराव सर म्हणतात, ते काही खोटं नाही. मी बोलायला लागले की चाळीस पोरं जागच्या जागी. "शंका आहे का?" विचारलं की एकही हात वर होत नाही, म्हणजे समजलेलं असतं. मग चाचणीत इतकं चुकतात कसं, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

धनश्रीला फळ्यावर बोलावलं होतं. तात्याबा म्हणून एक मेंढके आहेत, त्यांची ही मुलगी. वडील मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेलेले, ही आत्याकडं राहून शिकते. सोपं समीकरण दिलं. खडू हातात घेऊन उभी राहिली. मी विचारलं, मग ओरडले, तरी शब्द नाही. देवानं या पोरीला तोंडच दिलेलं नाही.

शाळा सुटल्यावर सरांनी सांगितलं, "वनमालाबाई, तुम्ही सरळ परीक्षेपर्यंत रजा टाका. इतिहासाचे सर बसतील वर्गावर." इतिहासाचे सर बसतील, पण गणित कोण शिकवणार? गणिताचं दुसरं माणूस शाळेत नाही, आणि आता वर्षाच्या मध्यात मिळणारही नाही. मी रजा पंधरा दिवसांचीच टाकली. पुढं काय ते मी बघते.

३० नोव्हेंबर

वाट सापडली, आणि ती सुद्धा घरातच.

सोमनाथचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मोबाइलवर ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, कशी करायची हे विचारायला शेतकरी दिवसभर फोन करतात. आज मी दुकानात बसले होते तेव्हा बघितलं, ते कुणालाच समजावून सांगत नाहीत. एक व्हिडिओ पाठवून देतात. त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर बोट कुठं लागलं, काय उघडलं, फोटो कसा काढला, सगळं जसंच्या तसं दिसतं. स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतात म्हणे. बोलायचा कंटाळा, दुसरं काय!

पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावर मी गणित सोडवत गेले आणि ते असंच रेकॉर्ड झालं तर?

३ डिसेंबर

रबरी टोकाचं पेन आणलं. पडद्यावर कोरं पान उघडायचं, रेकॉर्डिंग चालू करायचं आणि लिहायचं. पहिला व्हिडिओ छान झाला, तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला, आणि मग बघितलं तर पायथागोरसच्या प्रमेयावर मधोमध सोमनाथचा निरोप आलेला, "दूध आणू का". सगळ्या पालकांनी वाचला. आता रेकॉर्डिंगच्या आधी बाकीचं सगळं बंद करते.

परवा ऑपरेशन. त्याआधी आवाजासकट चार-पाच प्रकरणं उरकायचा विचार होता. दुसऱ्याच व्हिडिओत घोगरा आवाज आणि खोकला. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी चांगलंच झापलं. ठीक आहे. नुसतं लिहून पाठवीन. गणित काय, डोळ्यांनीच शिकायचं असतं.

९ डिसेंबर

ऑपरेशन नीट झालं. घरी पाटी घेऊन बसते. रोज दोन व्हिडिओ जातात. प्रत्येकाखाली पोरांचे अंगठे येतात. चाळीसच्या चाळीस. काम चालू आहे, थांबलेलं नाही, याचं समाधान आहे.

गंमत म्हणजे सोमनाथ हल्ली फार बोलतात. आज जेवताना दुकानाचं, त्यांच्या भावाचं, पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या मुलीची आठवण येते त्याचं, कायकाय सांगत होते. पुण्याहून आल्यावर तिला स्टँडवरून आणायला जाताना त्यांना हुरहुर लागते, हे मला माहीतच नव्हतं. काय झालंय यांना, कोण जाणे.

१३ डिसेंबर

हेडमास्तर सरांनी वर्गात चाचणी घेतली. पेपर घरी पाठवले. तपासले. निम्म्या वर्गानं प्रश्न कोरे सोडलेत. आणि अंगदनं, मागच्या बाकावरच्या त्या दांडग्या मुलानं, ग्रुपवर सरळ लिहिलं, "मॅडम नुस्तं लिवलेलं पळतंय. कावून तसं केलं ते कळत न्हाई."

'का' ते कळत नाही म्हणे! मी चिडून मोठं उत्तर लिहिलं. मग पुसलं. अंगद वर्गात कधी असं बोलला नसता. अर्जुनराव सरांनी फोन करून सोमनाथना सांगितलं, "मॅडमना म्हणावं, मूकपट चालत नाही हल्ली." सोमनाथनी ते मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

अंगठे मग कशाला दाखवत होती ही पोरं?

१६ डिसेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

दुपारी ग्रुपवर धनश्रीच्या आत्याच्या, रतनबाईच्या नंबरावरून एक व्हिडिओ आला. बघते तर माझाच, दोन चलांच्या समीकरणांचा. वाटलं चुकून परत टाकला. पण वाजवला तर त्यात आवाज! पोरगी माझा व्हिडिओ चालू ठेवून, पडदा पुन्हा रेकॉर्ड करत, त्यावर स्वतः बोलली होती. वडिलांसाठी. तिकडं गोदावरीकाठी मेंढरांमागं असलेल्या बापानं फोनवर विचारलं असणार, काय शिकलीस म्हणून. त्यांना पाठवायचा तो चुकून ग्रुपवर पडला.

"आण्णा, हे बगा. मॅडमनी हितं दोन वळी लिवल्यात. एक्स म्हंजी मेंढी समजा, वाय म्हंजी शेळी. वरच्या वळीत दोन मेंढ्या आन तीन शेळ्या हायत. खालच्या वळीत दोन मेंढ्या आन एक शेळी. आता खालचं वरच्यातनं काढलं, तर मेंढ्या गेल्या का न्हाई? ऱ्हायल्या नुस्त्या शेळ्या. म्हून मॅडमनी हितं वजाबाकी केली. उगं न्हाई केली."

उगं न्हाई केली. हे वाक्य मी तीनदा ऐकलं. ही तीच पोरगी, जिला तोंड नाही.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं आणि तिनं व्हिडिओ काढून टाकला. तोवर वर्गानं उतरवून घेतला होता. अंगदनं लिहिलं, "धनश्री फुडचा बी टाक." मग आणखी तिघांनी. मग ऋतुजानंसुद्धा, जी वर्गात पहिली येते.

माझा पहिला विचार मात्र असा होता, की एक्स म्हणजे मेंढी नव्हे! एक्स म्हणजे मेंढीचं वजन, किंवा संख्या. हे तिला सांगितलंच पाहिजे. सांगितलं, लिहून. तिचं उत्तर आलं, "व्हय मॅडम, वजन म्हनते."

१८ डिसेंबर

ठरलं. मी लिहीन, पोरं बोलतील. एका व्हिडिओला एक पोर. आधी मला ऐकवायचं, चुकलं तर मी लिहून कळवीन, मग ग्रुपवर.

पोरांच्या तोंडी आपलं गणित ऐकताना जीव खालीवर होतो. अंगद म्हणतो, "हितं काटकोन हाय, म्हून पायथागोरस लावा, काटकोन नसला तर त्याला हात लावू नगा, लई पस्तावताल." पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण चूकही नाही. ठेवलं.

२३ डिसेंबर

शाळेत रुजू झाले. गळ्यात पाटी. वर्गात शिरले तर पोरं माझ्या तोंडाकडं बघतात आणि मी त्यांच्या. फळ्यावर लिहिते आणि बाजूला उभी राहते. कुणीतरी बोलावं लागतंच, कारण मी बोलू शकत नाही. पहिली दहा मिनिटं भयंकर शांतता. मग कुणीतरी काहीतरी चुकीचं बोललं, दुसऱ्यानं त्याला टोकलं, "न्हाई बे, तसं न्हाई," आणि वर्गात बाजार भरला. मी डस्टर आपटलं. तरी थांबेनात. शिस्त पार गेली. आवाज आला की आधी ती आणायला हवी.

२८ डिसेंबर

बद्रीनाथराव शाळेत आले होते. पंचायत समितीचे माजी सभापती, आमच्या शाळा समितीवरही आहेत. ऋतुजाचे वडील. सरांच्या खोलीत मला बोलावलं.

"मॅडम, तब्येतीची काळजी घ्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण माझ्या पोरीला डॉक्टर करायचंय मला. तिनं एका मेंढक्याच्या पोरीकडून गणित ऐकायचं? आन तेबी मेंढ्या-शेळ्यांचं?"

मी पाटीवर लिहिलं, "गणित माझं आहे. आवाज तिचा आहे."

त्यांनी वाचलं. "तेच म्हणतोय. आवाज तुमचा पायजे. नसंल तर दुसऱ्या मास्तराचा. एक वर्ष वाया गेलं तर पोरीला कोण भरून देणार?"

अर्जुनराव सर मध्ये पडले. म्हणाले, जानेवारीत पूर्वपरीक्षा आहे, तिचा निकाल लागला की पालकसभा घेऊ, तिथं ठरवू. बीडहून क्लासवाला मास्तर आणायचा आणि मला घरी बसवायचं, असा बद्रीनाथरावांचा प्रस्ताव आहे.

माझ्याकडं शंभर उत्तरं होती. पाटी एवढीशी. दाराबाहेर हजेरीपट न्यायला आलेली धनश्री उभी होती, हे मला ते निघून गेल्यावर दिसलं.

३१ डिसेंबर

तीन दिवस धनश्रीचा व्हिडिओ नाही, वर्गातही मान खाली. आज शाळेवरून थेट तिच्या आत्याकडं गेले. रतनबाईनं खाट टाकली, चहा ठेवला आणि मी बोलू शकत नाही म्हणून दोघींच्या वाटचं तीच बोलली. त्यात एक गोष्ट कळली. "दादा म्हणतोय, सालभर नापास नापासच ऐकतोय. आता जानेवारीच्या परीक्षेत बी नापास झाली तर फुडं बसवायची न्हाई. पालकसभंला यीन आन संगं घिऊन जाईन. मेंढरामागं मानूस कमीच हाय."

रतनबाई म्हशीकडं गेली. धनश्री समोर बसलेली. मी मुकी, तीही मुकी. मी पाटी काढून लिहिलं, "त्रिकोणमिती. पुढचा व्हिडिओ तुझा."

"लोकं हसतेत मॅडम." मग थांबून, "माझ्यामुळं तुमाला बोलनी बसली."

मी मान हलवली आणि पाटी तशीच धरून बसले. उठायचं नाही असं ठरवूनच आले होते.

तेव्हा ती म्हणाली, "एक इचारू का? साईन म्हंजी समोरची बाजू भागिले कर्ण. मंग त्रिकोण ल्हान काढला काय आन मोठा काढला काय, उत्तर तेच कसं काय येतंय? मोठ्याचं मोठं याया पायजे ना?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवलं. मग पाटीवर एक लहान त्रिकोण काढला, त्याच कोनातून त्याच्याबाहेर मोठा काढला, आणि तिच्या हातात दिली.

ती बघत राहिली. ओठ हलत होते. "मोठ्यात समोरची बाजू वाढली… कर्ण बी वाढला. दुप्पट हिकडं, दुप्पट तिकडं…" एकदम माझ्याकडं बघून, "म्हंजी भागलं की तेवढंच ऱ्हातंय! व्हय का न्हाई मॅडम?"

मी मान हलवली. खरं तर मी काहीच केलं नाही. वर्गात असते तर दोन मिनिटांत सांगून मोकळी झाले असते, इथं अर्धा-पाऊण तास गेला. पण पोरीला समजलं, हे बरं झालं. संध्याकाळी व्हिडिओ आला.

४ जानेवारी

डॉक्टरांनी तपासलं. पट्टी छान भरली आहे. घरात थोडं बोलायला हरकत नाही, वर्गात नाही. घरी येऊन पहिलं वाक्य सोमनाथशी बोलले, "मीठ जास्त झालंय." आवाज खालचा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. ते चपापले आणि गप्प झाले. मग मीही पुन्हा पाटी घेतली. हळूहळू त्यांची बोलण्याची गाडी पुन्हा सुरू झाली.

शाळेत मात्र एक शब्दही बोलणार नाही. परीक्षेपर्यंत आवाज शाबूत ठेवायचा आहे.

१७ जानेवारी

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले. मागच्या चाचणीपेक्षा वर्ग बराच वर आलाय. कोरा प्रश्न जवळपास कुणाचाच नाही. चुकलंय ते सुद्धा लिहून चुकलंय.

धनश्री दोन गुणांनी नापास.

पेपर पुन्हा पुन्हा उलटून बघितला. कुठं अर्धा, कुठं एक देता येईल का. देता आला असता. कोण विचारणार होतं? पण मग बाकीच्यांचे गुणही खोटे झाले असते. नाही दिले.

पण तिचा पेपर बघताना लक्षात आलं, की बहुतेक गणितं ती शेवटच्या दोन पायऱ्यांपर्यंत बरोबर घेऊन आलीय. चिन्ह चुकतं, नाहीतर भागाकार. हे निकालपत्रात कुठंच दिसत नाही. तिथं फक्त नापास दिसतं.

मला आता कळलं काय करायचं ते.

२२ जानेवारी

प्रत्येकाच्या पेपरचे फोटो काढले. पडद्यावर ते फोटो, रेकॉर्डिंग चालू, आणि माझं पेन. जी पायरी बरोबर, तिला हिरवा गोल. जिथं पाय घसरला तिथं लाल. त्याखाली कसं हवं होतं ते. मग त्या त्या मुलाला समोर बसवून त्याच्याकडून त्यावर बोलून घ्यायचं, आईबापाला उद्देशून. हा व्हिडिओ ग्रुपवर नाही, फक्त त्याच्या घरी.

चाळीस पेपर म्हणजे हाताला मुंग्या आल्या. सोमनाथनी दुकानातून येऊन निम्मे फोटो काढून दिले. त्यांना हिरव्या गोलांचा नाद लागलाय, "हे बघ, ह्या पोराचं इथपर्यंत बरोबर आहे गं," असं मलाच दाखवतात.

ऋतुजाचा पेपर जवळजवळ सगळा हिरवा. पण बोलायची वेळ आली तेव्हा ती अडली. "मॅडम, मला पायऱ्या पाठ हायत. कावून ते नाही सांगता येत." डोळ्यात पाणी आलं. वर्गातली पहिली मुलगी! मी पाटीवर लिहिलं, "पुन्हा." तिसऱ्यांदा जमलं.

२५ जानेवारी

पालकसभा झाली.

इतके पालक कधीच येत नाहीत. बसायला बाक कमी पडले, पोरं खाली जमिनीवर बसली. बद्रीनाथराव पहिल्यांदा उठले, नीट बोलले, माझा मान ठेवून बोलले. निकाल सुधारला असला तरी बोर्डाला असले प्रयोग चालत नाहीत, बीडचे मास्तर उद्यापासून यायला तयार आहेत, वर्गणी काढू, आणि मॅडमनी आराम करावा. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. अर्जुनराव सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पाटी उचलली, पण एवढ्या लोकांना पाटी कशी दिसणार?

मागून एक उंच माणूस उठला. खांद्यावर घोंगडी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. तात्याबा. मेंढरं भावाच्या, धुळाजीच्या, हवाली करून एसटीनं आले होते. मला वाटलं, आता पोरीला घेऊन जायला उठले.

"मला धा मिंटं बोलायचं न्हाई. एकच इचारायचंय." खिशातून मोबाइल काढला. "मॅडमनी हे पाठीवलं. माझी पोरगी ह्याच्यात म्हणती, आण्णा, हितपर्यंत माझं बरुबर हाय, हितं चिन्ह चुकलं. शाळंतनं मला आजवर एकच सबुद कळायचा, नापास. मला वाटायचं पोरीला कायच येत न्हाई. कायच येत न्हाई तर ठिवायची कावून? आता ह्याच्यात तर समदं हिरवंच हिरवं दिसतंय." मोबाइल माझ्याकडं धरला. "मॅडम, कागदावर नापास लिवलंय ते खरं, का हे हिरवं खरं?"

मी पाटीवर लिहिलं, "दोन्ही." पहिल्या बाकावरच्या बाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

तात्याबांनी विचार केला. "बरं. मंग म्हैन्याभरात हिरवं वाढंल का?"

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. पाटी पुसायला कापड शोधत होते, सापडेना. आणि मी बोलले.

"वाढेल."

एवढंच. तो चिरका, खालचा आवाज ऐकून पोरं ताडकन उठून उभी राहिली. धनश्रीनं तोंडावर हात धरला. अर्जुनराव सर म्हणाले, "मॅडम, नका, नका बोलू!"

तात्याबा खाली बसले. "मंग ऱ्हाऊ दे पोरीला," म्हणाले. मग कुणीतरी मागून म्हणालं, आमच्या पोराचा पण व्हिडिओ बघितला. मग एक आई म्हणाली, मला वाचता येत नाही, पण माझ्या गहिनीनाथचं कुठं चुकलं ते मला कळलं. सरांनी ठराव मांडलाच नाही. "आपला बोलपट चालू राहील," एवढं म्हणून सभा संपवली.

२७ जानेवारी

बद्रीनाथरावांनी ऋतुजाला बीडला नेलं. परीक्षेपर्यंत मावशीकडं राहून क्लासला जाणार. पहिली मुलगीच गेली. सभेत जिंकल्यासारखं वाटलं होतं, ते आज उतरलं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. माझी मुलगी असती तर कदाचित मीही नेलं असतं.

८ फेब्रुवारी

ग्रुपवर ऋतुजाचा व्हिडिओ आला! वर्तुळावरचं मोठं प्रमेय. माझ्या जुन्या व्हिडिओवर बोललीय. हळू आवाजात, बहुतेक मावशीच्या गच्चीवर बसून, कारण मध्ये कावळा ओरडतो. "हे मी पाठ केलं होतं. आता कावून ते सांगते." शेवटी म्हणते, "इथं कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय." म्हणजे तिला तिथं करमत नाही बहुतेक. लवकर सवय होईल.

६ मार्च

गणित भाग एकचा पेपर झाला. केंद्राबाहेर उभी होते. अंगद बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, पेपरमधी मी मनातल्या मनात बोलत व्हतो. सुपरवायजर म्हनले, गप बस. मी म्हनलं, गप बसलं तर येत न्हाई!"

१३ मे

निकाल लागला. वर्गातले तिघं गणितात गेले. त्यात अंगद आहे. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाकी सगळे पास, इतका निकाल शाळेच्या गणिताचा कधीच नव्हता. धनश्रीला त्रेपन्न. ऋतुजा तालुक्यात वर. हायवेवर तिच्या फोटोचा मोठा बॅनर लागलाय, खाली बीडच्या क्लासचे आभार. आमच्या शाळेचं नाव नाही. संध्याकाळी ऋतुजा स्वतः पेढे घेऊन आली. पाया पडून म्हणाली, "पप्पांना मी सांगितलंय, गणित कुठं शिकले ते." ते काय म्हणाले, हे मी विचारलं नाही.

तात्याबांचा फोन आला. मागं मेंढरांचा गलका. "मॅडम, त्रेपन्न म्हंजी निम्म्याच्या वर हिरवं ना?" मी हो म्हटलं. "मंग अकरावीला घालू." फोन ठेवला. एवढंच.

अंगदच्या घरी जाऊन आले. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी सांगितलं, जुलैत फेरपरीक्षा आहे, उद्या सकाळी आठला ये. आला नाही तर मी येईन.

२४ मे

अकरावीचा प्रवेश यंदा ऑनलाइन आहे. पालकांची झुंबड उडाली. मी व्हिडिओ करणार तोच धनश्रीनं केलेला ग्रुपवर पडला. वेबसाइट कशी उघडायची, कॉलेजं कशी निवडायची, कुठं घाई करायची नाही. "काका, मावशी, हितं थांबा. हे बटन दाबायच्या आदी वरचं नाव परत एकदा वाचा. घाई करू नगा, मी बी थांबते." आणि खरंच त्यात ती थोडा वेळ थांबलीय. मला सुचलं नसतं.

अंगद रोज येतो. मी लिहिते, तो बोलतो. खरं तर आता मी बोलू शकते, पण त्याला असंच आवडतं म्हणतो.

१७ जून

नवीन दहावी. डॉक्टरांनी पूर्ण परवानगी दिली आहे, फक्त ओरडायचं नाही. आवाज आता पूर्वीसारखा होणार नाही म्हणाले, थोडा खालचाच राहील. सवय करून घ्यायची.

ठरवलं होतं, पहिल्या दिवसापासून वर्गावर पकड ठेवायची. मागच्या वर्षी फार सूट मिळाली पोरांना. वर्गात गेले, समीकरण लिहिलं, बोलायला लागले. मागच्या बाकावरची मुलं पुढं सरकून बसली, कारण माझा आवाज पोचत नव्हता. त्याची लाज वाटली. पण "शंका आहे का?" विचारलं आणि एकदम पाच-सहा हात वर. एकीनं विचारलं, कावून वजा करायचं? दुसऱ्यानं विचारलं, अधिक केलं तर काय होतं? तिसरा म्हणाला, मॅडम, मी फळ्यावर येऊन सांगू का?

तास संपला तरी एक समीकरण पुरं झालं नाही. मागच्या पोरांचे व्हिडिओ यांनी सुट्टीभर बघितलेत म्हणे, त्यामुळं ही बॅच जरा आगाऊ दिसते. पण वेळेत अभ्यासक्रम पुरा करायचा आहे, त्यामुळं उद्यापासून शाळा भरण्याआधी तासभर जादा घेणार. कोण कोण येणार विचारलं, तर वर्गातल्या सगळ्यांनी हात वर केले. इतक्या सकाळी का यायचंय यांना, काही कळत नाही. पण आले तर शिकवीन.